सापडले, आढळले, ओळखले, काढले

इंग्रजी माध्यमाच्या पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत एक लहानसा शब्द हमखास भेटतो. तो म्हणजे ‘फाइंड’. ‘फाइंड द व्हॅल्यू ऑफ जी’ असा प्रश्न असतो. मराठी माध्यमाच्या प्रश्नपत्रिकेत तोच प्रश्न ‘जी ची किंमत काढा’ असा छापलेला असतो. ‘जी ची किंमत शोधा’ असे लिहिले तरी चालून जाते. पण ‘जी ची किंमत सापडवा’ असे कोणी लिहीत नाही, आणि लिहिलेच तर सगळा वर्ग हसेल.

असे का व्हावे? शब्दकोशात तर ‘फाइंड’ या शब्दापुढे पहिला अर्थ ‘सापडणे’ असाच दिलेला असतो. खरी गोष्ट अशी, की इंग्रजीतील हे एकच क्रियापद निरनिराळी कामे करते. हरवलेली किल्ली मिळाली, तरी ‘फाइंड’. प्रयोगाअंती एखादी गोष्ट दिसून आली, तरी ‘फाइंड’. गणिताचे उत्तर काढले, तरी ‘फाइंड’. न्यायालयाने एखाद्याला दोषी ठरवले, तरी तेच क्रियापद. आणि एखाद्याला भूमिती कठीण वाटते, हे सांगायलाही पुन्हा तेच! मराठीत आपण या प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द वापरतो: सापडणे, आढळणे, काढणे, ठरवणे, वाटणे.

यात मराठीची श्रीमंती दाखवावी एवढाच हेतू नाही. विज्ञानात ‘शोध लागला’ असे आपण म्हणतो, तेव्हा यांपैकी नेमके काय घडलेले असते, हे कळले नाही तर विज्ञानाचा इतिहास चुकीचा पाठ होतो आणि प्रयोगवहीसुद्धा चुकीची लिहिली जाते. म्हणून आपल्याच भागातील काही उदाहरणे घेऊन हे शब्द नीट तपासून पाहू.

मला सापडली, मी शोधली

आधी थोडे व्याकरण. ‘मला किल्ली सापडली’ या वाक्यात ‘सापडली’ हे क्रियापद किल्लीप्रमाणे चालते. ‘मी’ तेथे ‘मला’ होऊन बाजूला उभा आहे. जणू किल्लीच आपण होऊन सापडली आणि मी केवळ तेथे हजर होतो.

‘मी किल्ली शोधली’ या वाक्यात मात्र श्रम माझे आहेत. पण गंमत अशी, की किल्ली मिळाली की नाही हे या वाक्यावरून कळतच नाही. ‘मी किल्ली पुष्कळ शोधली, पण सापडली नाही’ असे आपण सहज म्हणतो. शोधणे ही क्रिया आपल्या हाती असते, सापडणे ही घटना नेहमीच आपल्या हाती नसते.

‘शोध’ या नामाचेही असेच आहे. चोराचा शोध ‘घेतला’ म्हणजे त्याला हुडकण्याची खटपट केली. शोध ‘लागला’ म्हणजे खटपटीला यश आले. या बाबतीत आपली भाषा काटेकोर आहे. दुसऱ्या एका बाबतीत मात्र ती ढिली पडते. किरणोत्सर्गाचा ‘शोध’ आणि टेलिफोनचा ‘शोध’ अशी दोन्ही वाक्ये आपण सारखीच लिहितो. किरणोत्सर्ग निसर्गात होताच, टेलिफोन मात्र माणसाने नवा घडवला. इंग्रजीत या दोहोंना ‘डिस्कव्हरी’ आणि ‘इन्व्हेन्शन’ असे वेगळे शब्द आहेत. तेव्हा प्रत्येक भाषेच्या काही खिडक्या उघड्या असतात, काही बंद.

सापडणे: काटोलचे दगड

आता नागपूर जिल्ह्यातच येऊ. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी काटोल व आसपासच्या भागात आकाशातून दगड पडले. मोठा आवाज झाला आणि लोकांनी वर पाहिले. हे दगड म्हणजे अशनी होते. अवकाशातून आलेला खडक वातावरणात शिरला, की घर्षणाने व त्याच्यापुढील हवेच्या जोरदार दाबाने तापतो, तुटतो आणि त्याचे उरलेले तुकडे जमिनीवर पोहोचतात. काटोलचे तुकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी गोळा केले. त्या भागातील जमीन काळी, दगडही काळेच. त्यात वरून जळून काळा झालेला दगड हुडकायचा, हे सोपे काम नव्हे.

आता प्रश्न असा, की काटोलचा अशनी हा ‘फाइंड’ आहे काय? तुम्ही म्हणाल, तुकडे सापडले, म्हणजे ‘फाइंड’ आहेच. पण अशनींच्या जागतिक सूचीत काटोलची नोंद ‘फाइंड’ म्हणून नाही, ती ‘फॉल’ म्हणून आहे! या शास्त्रात हे दोन पारिभाषिक शब्द आहेत. पडताना पाहिलेला आणि मग उचललेला अशनी तो ‘फॉल’. केव्हा पडला हे कोणालाच ठाऊक नाही आणि पुढे कधी तरी हाती लागला, तो ‘फाइंड’.

ही विभागणी म्हणजे नुसता नोंदवहीतील कारभार आहे असे समजू नका. सूचीत आज सत्तर हजारांहून अधिक अशनींची नोंद आहे, पण त्यांपैकी पडताना पाहिलेले दीड हजारसुद्धा नाहीत. पडताना पाहिलेल्या अशनींमध्ये लोखंडी अशनी शंभरांत सुमारे पाच असतात, बाकी बहुतेक दगडी. पूर्वी नुसत्या सापडलेल्या अशनींमध्ये मात्र लोखंडी अशनींचा भरणा फार मोठा होता. कारण सरळ आहे. शेतात नांगराला लागलेला लोखंडाचा जड गोळा कोणाच्याही नजरेत भरतो. दगडी अशनी इतर दगडांत मिसळून जातो आणि ऊनपावसाने झिजूनही जातो.

म्हणजे केवळ सापडलेल्या वस्तू मोजून कोणी म्हटले असते, की अवकाशात लोखंडी खडकच फार, तर ते साफ चुकले असते. आपल्याला काय सापडते हे जसे निसर्गावर अवलंबून असते, तसे आपल्या नजरेवरही असते. अंटार्क्टिकाच्या पांढऱ्या बर्फावर काळे दगड चटकन उठून दिसतात. म्हणूनच १९६९ नंतर तेथे हजारो अशनी मिळाले आणि त्यांत दगडी अशनींचेच प्रमाण फार मोठे निघाले.

आढळणे: दगडाच्या पोटात

काटोलचा दगड हाती आला. पुढे काय? प्रयोगशाळेत त्याचे पातळ काप घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. हा अशनी ‘एल-६’ या वर्गातील आहे असे दिसून आले. ‘एल’ म्हणजे लोहाचे प्रमाण कमी. ‘६’ हा आकडा सांगतो, की हा खडक मूळ लघुग्रहात असताना दीर्घकाळ चांगलाच तापलेला होता.

२०२१ साली खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी एक महत्त्वाची गोष्ट जाहीर केली. या अशनीतील बारीक शिरांमध्ये त्यांना ब्रिजमनाइट नावाचे खनिज आढळले. पृथ्वीच्या पोटात सुमारे ६६० किलोमीटरपेक्षा अधिक खोलीवर हे खनिज अमाप आहे, परंतु तेथपर्यंत आपला हात पोहोचत नाही. ते तयार व्हायला आपल्या वातावरणाच्या दाबाच्या दोन लाख पटींहून अधिक दाब लागतो. अवकाशात दोन लघुग्रहांची टक्कर होते, तेव्हा क्षणभर तेवढा दाब निर्माण होतो. पृथ्वीच्या गाभाऱ्याजवळचे खनिज असे आकाशमार्गाने काटोलला आले!

येथे आपण ‘ब्रिजमनाइट सापडले’ असे म्हणू शकतो. तरी ‘आढळले’ हा शब्द अधिक नेमका आहे. सापडते ती वस्तू, तर आढळते ती तपासणीनंतर कळलेली गोष्ट. शेतातला दगड कोणालाही सापडू शकेल. त्यातील खनिज आढळण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा आणि काय पाहायचे हे ठाऊक असलेला डोळा हवा.

ओळखणे: लोणारचे विवर

नागपूरहून नैर्ऋत्येला, सरळ रेषेत मोजल्यास सुमारे ३०० किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. सुमारे १,८३० मीटर रुंदीची आणि सुमारे १५० मीटर खोलीची ती एक प्रचंड वाटी आहे. तिच्या तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी साठलेले आहे.

काही पुस्तकांत वाक्य असते, की लोणारचा शोध १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लावला. हे वाक्य वाचताना क्षणभर थांबायला हवे. लोणारच्या काठाला शतकानुशतके वस्ती आहे. दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर तेथे उभे आहे आणि विष्णूने लवणासुराला मारल्याची कथा आजही तेथे सांगितली जाते. अकबराच्या काळातील ‘ऐन-इ-अकबरी’त तेथील क्षारांचा उल्लेख आहे. मग अलेक्झांडरला जे ‘सापडले’, ते हरवले होते कोणाचे? त्याने युरोपीय वाचकांसाठी एक नोंद केली. तिला नोंद म्हणावे, शोध म्हणू नये.

मग लोणारचा शोध लागलाच नाही काय? लागला, पण पुष्कळ नंतर. लोणारच्या बाबतीत वस्तू कधीच हरवलेली नव्हती. ती ‘काय आहे’ हे मात्र कळलेले नव्हते. भोवतीचा सारा खडक बेसाल्ट, म्हणजे लाव्हापासून झालेला. त्यामुळे हे ज्वालामुखीचेच तोंड असावे, असे पुष्कळांना वाटे. १८९६ साली अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारशी त्याची तुलना केली. पण त्यांनी त्या विवराचे कारण वाफेचा स्फोट मानले. पुढे ते विवर अशनीच्या आघाताने झाल्याचे सिद्ध झाले, आणि साहजिकच लोणारविषयीही शंका बळावली. १९६४ साली लाफाँड व डिट्झ या शास्त्रज्ञांनी लोणार हे अशनीचे विवर असेल काय, असा प्रश्न उघडपणे विचारला. १९७२ साली व्ही. के. नायक यांनी तेथील काचेसारख्या गोळ्यांकडे लक्ष वेधले.

निर्णायक पुरावा १९७३ साली पुढे आला. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् या भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळातून खोदून काढलेले नमुने व काठावरील चरांतील नमुने तपासले. त्यांत मास्केलिनाइट होते.

हे मास्केलिनाइट म्हणजे साक्षीदारच म्हणा ना. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचे स्फटिकमय खनिज असते. त्याच्यावर काही लाख वातावरणांचा दाब एका क्षणात पडला, तर न वितळताच त्याच्या अणूंची सुबक मांडणी मोडते आणि त्याची काच बनते. ती काच म्हणजे मास्केलिनाइट. ज्वालामुखी खडक वितळवू शकतो, उडवू शकतो, पण इतका दाब तो देऊ शकत नाही. शिवाय दख्खनचे लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावले होते आणि विवर त्या मानाने अगदी अलीकडचे आहे. मास्केलिनाइटचे पहिले वर्णनही भारतातच पडलेल्या एका अशनीवरून झाले होते. १८६५ साली बिहारमधील शेरघाटी येथे पडलेला तो दगड मंगळावरून आलेला आहे, असे आज शास्त्रज्ञ मानतात.

१९७३ साली बेसाल्टमधील आघातविवर म्हणून पृथ्वीवर लोणार हे एकच ठाऊक होते. पुढे ब्राझीलमध्येही अशी विवरे ओळखली गेली. चंद्रावरील काळसर मैदाने बेसाल्टचीच असल्यामुळे अपोलो यानांनी आणलेल्या खड्यांची तुलना करायला लोणार फार उपयोगी पडले. गावाला जे सरोवर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, तेच चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांच्या कामी आले. सरोवर गावकऱ्यांना माहीत होते, अलेक्झांडरने ते नोंदवले आणि १९७३ च्या शास्त्रज्ञांनी ते ओळखले. तीन क्रियापदे, आणि प्रत्येकाला ज्याचे त्याचे श्रेय.

काढणे: वय आणि जी

लोणारचे विवर किती जुने? हे वय कोठे लिहून ठेवलेले सापडत नाही, ते काढावे लागते. खनिजाला उष्णता दिली असता त्यातून बाहेर पडणारा मंद प्रकाश मोजण्याच्या पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे निघाले. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून ते ५,७०,००० वर्षे निघाले, त्यातील अनिश्चितता ४७,००० वर्षांची. दोन उत्तरांत जवळजवळ अकरा पटींचा फरक! विवर तेच, पद्धत बदलली. म्हणून काढलेली किंमत लिहिताना ती कशी काढली आणि ती किती इकडेतिकडे होऊ शकते, हेही लिहायचे असते.

आता प्रयोगशाळेतील आपल्या लोलकाकडे वळू. समजा, लोलकाची लांबी १ मीटर घेतली आणि २० आंदोलनांना ४०.२ सेकंद लागले. आवर्तनकाल २.०१ सेकंद. सूत्रात घातल्यावर जी ची किंमत ९.७७ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. घड्याळ थांबवताना फक्त ०.२ सेकंदाची चूक झाली आणि वेळ ४०.० सेकंद धरली, तर तीच किंमत ९.८७ होते. नागपूरला जी ची किंमत ९.७९ च्या जवळपास आहे.

पण प्रयोगवह्या तपासताना काय दिसते? वर्गातील सगळ्यांची उत्तरे नेमकी ९.८! वाचने वेगवेगळी, उत्तर मात्र एकच. हे काढलेले उत्तर नव्हे, आधीच ठाऊक असलेले उत्तर वहीत नेऊन ठेवले आहे. खाली पुन्हा लिहायचे, ‘यावरून असे आढळते की’. ज्याला काही आढळलेच नाही, त्याने ‘आढळते’ हे क्रियापद वापरू नये. आपल्या मापनातून आलेले ९.७७ हे पुस्तकातून उतरवलेल्या ९.८ पेक्षा अधिक मोलाचे आहे, कारण ते तुम्ही काढलेले आहे. शिक्षकांनीही अशा ९.७७ ला पूर्ण गुण द्यावेत.

उलटा प्रवास: हेलियम

लोणारमध्ये वस्तू आधीपासून होती आणि ओळख मागून झाली. हेलियमची कथा याच्या अगदी उलट आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातील गुंटूर येथे वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात एक तेजस्वी पिवळी रेषा निरीक्षकांना दिसली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. ही पिवळी रेषा सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या जवळची, पण त्यांच्याशी न जुळणारी आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना. तेव्हा सूर्यावर नवे मूलद्रव्य असावे असे अनुमान निघाले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले.

म्हणजे नाव मिळाले, ओळख पटली, पण वस्तूचा पत्ता नाही! अशी सत्तावीस वर्षे गेली. १८९५ साली लंडनमध्ये विल्यम रॅमसे युरेनियमच्या एका खनिजातून निघणाऱ्या वायूत अरगॉन शोधत होते. त्या वायूच्या वर्णपटात त्यांना तीच पिवळी रेषा दिसली. शोधत होते एक आणि गवसले दुसरे. ‘गवसणे’ हा आपला शब्द अशा वेळी किती चपखल बसतो पाहा.

आपल्या कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर लॉकियर यांनी १८६८ साली हेलियमचा शोध लावला, असे आवर्जून सांगितले जाते. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि त्या वेळी हेलियम प्रयोगशाळेत मिळून तीन वर्षे होत आली होती. विजयदुर्गचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. एका मोठ्या ग्रहणमोहिमेचे ते ठिकाण आहे, एवढा मान पुरेसा आहे. आपल्या गावाच्या अभिमानासाठी तीस वर्षांचे अंतर पुसून टाकणे बरे नव्हे.

‘हेलियमचा शोध कोणी लावला?’ या प्रश्नाचे एका नावाने उत्तर देता येत नाही, ते यामुळेच. रेषा पाहिली कोणी, ती वेगळी आहे हे ओळखले कोणी, वायू हाती आला कोणाच्या, असे तीन प्रश्न त्या एका प्रश्नात दडलेले आहेत.

तुम्ही करून पाहा

तुमच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील ‘शोध’ हा शब्द असलेली दहा वाक्ये वहीत उतरवून घ्या. प्रत्येक वाक्यात ‘शोध लावला’ या शब्दांच्या जागी पाहिले, नोंदवले, सापडले, आढळले, ओळखले, काढले किंवा घडवले यांपैकी कोणते क्रियापद बसते ते ठरवा. काही वाक्यांत एकाऐवजी दोन-तीन क्रियापदे लागतील आणि त्यांच्याबरोबर दोन-तीन माणसांची नावेही लिहावी लागतील. ती नावे पाठ्यपुस्तकात नसतील, तर ग्रंथालयात जाऊन त्यांचा शोध घ्या. तो लागेलच अशी खात्री देता येत नाही. शोधणे मात्र तुमच्या हाती आहे.